'सेट'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

कानामात्रा:

नमस्कार मंडळी. इंग्रजीतला 'सेट' अनुवादात फार छळतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत या एका क्रियापदाची नोंद सुमारे ६०,००० शब्दांची आहे, अर्थ चारशेच्या वर. त्यामुळे 'कोश बघा आणि योग्य तो अर्थ निवडा' हा सल्ला कृपया देऊ नका. 'सेट करणे' लिहून मोकळं होता येतं, पण छापील मजकुरात ते खपत नाही. सध्या अडलेली वाक्यं अशी:

१) शी सेट द टेबल.
२) द बोन वॉज सेट.
३) द पोएम वॉज सेट टू म्यूझिक.
४) द मान्सून हॅज सेट इन.
५) ही इज सेट इन हिज वेज.
६) द कोर्ट सेट असाइड द ऑर्डर.
७) एका लिलावाच्या कागदात 'अपसेट प्राईस'.
८) शेतीच्या पुस्तिकेत 'प्लांट टू-बडेड सेट्स'.

प्रत्येकाचं मराठी हवंच आहे, पण 'सेट' समोर आला की आधी काय तपासायचं याची काही रीत आहे का? आणि 'टी सेट'मधला सेट हाच का, की तो वेगळा शब्द?

---

पाटावरवंटा:

रीत आहे, आणि ती मराठीतूनच सापडते. 'सेट' हे 'सिट'चं प्रयोजक रूप, जसं आपलं बसणे–बसवणे. इंग्रजीत अशा जोड्या मोजक्याच उरल्यात: लाय–ले म्हणजे पडून असणे आणि आडवं ठेवणे, फॉल–फेल म्हणजे पडणे आणि (झाड) पाडणे. तेव्हा 'सेट'चा गाभा इतकाच, की एखादी गोष्ट तिच्या जागी किंवा ठरल्या स्थितीत अशी ठेवायची की ती तिथे टिकेल.

घोळ पुढे झाला. हे प्रयोजक रूप हळूहळू अकर्मकही वापरात आलं. 'आय सेट द कर्ड' आणि 'द कर्ड हॅज सेट' या दोन्हींत शब्द तोच. मराठी हे चालवून घेत नाही. दही आपण लावतो, आणि मग ते लागतं. हाड डॉक्टर बसवतात, आणि मग ते जुळून येतं. म्हणून पहिली तपासणी: वाक्यात कर्म आहे का? असेल तर लावणे, बसवणे, मांडणे, ठरवणे या घरातलं क्रियापद शोधा. नसेल तर लागणे, बसणे, जमणे, मावळणे.

दुसरी तपासणी: कशाला सेट म्हटलंय? गजर, घड्याळ, सापळा, विरजण, चाल, आग यांना 'लावणे'. खोबणीत किंवा खाचेत जाऊन घट्ट राहणाऱ्या गोष्टींना 'बसवणे', जसं सांधा, कोंदणातला खडा, फरशी. पसरून जागच्या जागी ठेवायच्या गोष्टींना 'मांडणे': ताटं, बुद्धिबळाचा पट. तारीख, भाव, मर्यादा 'ठरवणे'. आदर्श 'घालून देणे', पायंडा 'पाडणे'. परीक्षेचा पेपर 'काढणे' (पेपर सेटरला 'प्राश्निक' असा जुना चांगला शब्द आहे, वापरा). आणि कथा कुठेतरी 'घडते'. 'ही कादंबरी कोकणात सेट केलेली आहे' असं परीक्षणात वाचलं की दाताखाली खडा येतो.

आता तुमची वाक्यं.

पहिल्यात आधी काळ बघा. 'सेट'ची वर्तमान, भूत आणि भूतकालवाचक धातुसाधित, तिन्ही रूपं सारखीच. मूळचा 'ट' आणि प्रत्ययाचा 'ट' एकात एक विरले. पुट, कट, हिट, शट यांचीही तीच तऱ्हा. 'शी' असून 'सेट्स' नाही, म्हणजे इथे भूतकाळ. कर्ता 'दे' किंवा 'आय' असता तर आजूबाजूच्या वाक्यांवरूनच ठरवावं लागलं असतं. मराठी: 'तिने टेबलावर ताटं मांडली.' घरगुती संवाद असेल तर 'तिने पानं घेतली' याहून बरं काही नाही. 'टेबल लावलं' मात्र नको, त्यातून फर्निचर हलवल्यासारखं वाटतं.

दुसरं: 'हाड बसवलं.' प्लास्टर घालणं ही त्यापुढची वेगळी पायरी आहे, ते 'सेट'मध्ये धरू नका. तेच 'द बोन हॅज सेट' असेल तर 'हाड जुळून आलं'.

तिसरं: 'कवितेला चाल लावली.' 'संगीतबद्ध केली' चूक नाही, पण समारंभातल्या निवेदनासारखं वाटतं.

चौथं: 'पावसाळा लागला.' आपल्याकडे मृग लागतो, आषाढ लागतो, तोच हा लागणे. 'सेट इन'मध्ये आला आणि आता मुक्काम करणार, असे दोन्ही भाग आहेत. म्हणून ते ऋतू, अंधार, कुज, आजार, निराशा अशा ठाण मांडणाऱ्या गोष्टींना येतं. 'हॅपिनेस सेट इन' सहसा कोणी म्हणत नाही. याच धातूचा 'ऑनसेट' हवामान खातं वापरतं, त्याला 'आगमन' म्हणा. केरळात त्याची सर्वसाधारण तारीख १ जून. 'आउटसेट' वेगळा, तो कामाचा किंवा भाषणाचा आरंभ.

पाचवं: 'तो आपल्या सवयी सोडणाऱ्यातला नाही.' 'हट्टी' किंवा 'हेकेखोर' केलंत तर मुळात नसलेली शिवी घुसेल.

उरलेली तीन त्या त्या क्षेत्रातल्यांनी सांगावीत.

---

टिपरी_दोनडोळी:

आठवं माझं. हा 'सेट' नाहीच. मूळ मजकूर पुन्हा बघा, त्यात शेवटी 'टी' दोनदा असणार. लागणीसाठी तोडलेला उसाचा तुकडा म्हणजे सेट, आपली टिपरी. 'बड' म्हणजे कांडीवरचा डोळा. 'दोन डोळ्यांची टिपरी लावा' एवढंच वाक्य. 'कळ्या' लिहिलंत तर शेतकरी पुस्तिका मिटून ठेवेल. 'कलम'ही नको, ते आंब्याचं.

पुढे आकडे आले तर ताळा बघायला सांगतो. दोन डोळ्यांची टिपरी हेक्टरी साधारण २५,००० लागतात, म्हणजे एकरी १०,०००. बेणं ९ ते ११ महिन्यांचं. दोन डोळ्यांच्या टिपरीचे डोळे सरीत बाजूंना यावेत, एक डोळ्याच्या टिपरीचा वर. डोळा खाली गेला तर कोंब मातीतून वळसा घेऊन वर येतो आणि उगवण मागेपुढे होते.

शेतीच्याच मजकुरात 'फ्रूट सेट' भेटेल, त्याला 'फळधारणा'. फुलाचं फळात रूपांतर होऊन ते टिकणं असा त्याचा अर्थ आहे, फळांचा संच नव्हे. डाळिंबवाले बोलताना सरळ 'सेटिंग' म्हणतात: 'यंदा सेटिंग चांगली झाली.' बोलीतला संवाद असेल तर तेच ठेवा. 'अनियन सेट्स' मात्र तिसरंच, म्हणजे पुन्हा लावण्यासाठी मुद्दाम लहान ठेवलेले कांदे.

---

थापी:

वर पाटावरवंटांनी अकर्मक 'सेट'साठी 'जमणे' सुचवलंय. दह्याला, जेलीला ठीक. बांधकामाच्या मजकुरात जपून, कारण तिथे 'सेट' होणं आणि 'कडक' होणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत आणि अनुवादात त्या एक झाल्या की वाचणारा चुकीच्या वेळी चुकीचं काम करतो.

सिमेंटमध्ये पाणी घातल्या क्षणापासून घड्याळ सुरू. चाचणी व्हिकॅटच्या उपकरणावर होते: ४० मिमी खोल साच्यात सिमेंटचा लगदा, वरून १ चौरस मिमी टोकाची सुई सोडायची. सुई तळापासून सुमारे ५ मिमी अलीकडेच अडायला लागली की इनिशिअल सेट. साध्या पोर्टलंड सिमेंटला हे ३० मिनिटांच्या आत होता कामा नये. पुढे सुईचा नुसता ठसा उमटतो पण तिच्याभोवतीच्या कड्याचा उमटत नाही, तो फायनल सेट, आणि तो ६०० मिनिटांच्या आत व्हायला हवा. ताकद भरणं ही यापुढची गोष्ट. ५३ ग्रेडमधला '५३' हा आकडा २८ दिवसांच्या ताकदीचा, चौरस मिमीला ५३ न्यूटन.

म्हणून 'बिफोर द मॉर्टर सेट्स'चं 'माल कडक होण्यापूर्वी' करू नका. कडक व्हायला दिवस लागतात, मिस्त्री निवांत बसेल. 'माल सेट व्हायला लागण्यापूर्वी' लिहा, साइटवर शब्द तोच आहे. सेट व्हायला लागलेल्या मालात पाणी मारून तो पुन्हा कालवणं ही नेहमीची चूक: नुकती धरलेली पकड तुटते, वर पाणी वाढतं, ताकद दोन्हीकडून जाते.

'फ्लॅश सेट' आणि 'फॉल्स सेट' हेही एक समजू नका. क्लिंकर (भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे) दळताना त्यात थोडं जिप्सम घालतात ते सेटिंग लांबवायला. ते कमी पडलं तर माल काही मिनिटांत तापून आवळतो, तो फ्लॅश सेट, फेकूनच द्यावा लागतो. फॉल्स सेटमध्ये दळताना उष्णतेने जिप्सममधलं पाणी उडालेलं असतं. माल ताठरतो पण तापत नाही, आणि जादा पाणी न घालता पुन्हा कालवला की मोकळा होतो. 'खोटा सेट' चालेल, 'चुकीचा सेट' नको.

अवांतर: 'सेंटरिंग'ला 'सेटिंग' वाचू नका. तो स्लॅबखालचा पाट्या-टेकूंचा आधार. स्लॅब दुसऱ्या दिवशी सेट दिसतो, पण साध्या सिमेंटच्या स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस आणि त्याहून मोठ्याला १४ दिवस काढायचे नसतात.

---

मुद्दाअर्ज:

सहावं आणि सातवं.

'सेट असाइड'चे दोन अर्थ जवळजवळ उलटे आहेत. पैसे, वेळ, पीठ सेट असाइड केलं म्हणजे पुढे लागेल म्हणून बाजूला ठेवलं. कोर्टाने आदेश सेट असाइड केला म्हणजे तो रद्दबातल केला, आता तो अस्तित्वात नाही. 'न्यायालयाने आदेश बाजूला ठेवला' हे बातम्यांत दिसतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं निकाल राखून ठेवला. राखून ठेवणं म्हणजे 'रिझर्व्ह', तात्पुरतं थांबवणं म्हणजे 'स्टे', त्याला स्थगिती. तिन्हींचे परिणाम वेगळे, म्हणून तीन शब्द काटेकोर ठेवा.

याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे एकतर्फी हुकूमनामा. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ९ नियम १३ खाली तो रद्द करून मागता येतो. समन्स रीतसर बजावलं गेलं नव्हतं किंवा हजर न राहण्यास पुरेसं कारण होतं, यांपैकी एक दाखवावं लागतं. मुदत ३० दिवस. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून, आणि समन्स रीतसर बजावलंच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून. या प्रकारच्या मजकुरात 'बाजूला ठेवण्याचा अर्ज' लिहिलंत तर कारकूनसुद्धा हसेल.

'सेट-ऑफ' हे नाम आलं तर परस्पर देण्याघेण्याची वळती. पण आयकराच्या मजकुरात तिथे 'वजावट' लिहू नका, कारण 'वजावट' हा शब्द 'डिडक्शन'ने आधीच पळवलाय. तोट्याचं 'समायोजन' लिहा. फौजदारीत याच शब्दाचा अर्थ कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा धरणं.

'अपसेट प्राईस'मध्ये कोणीही नाराज नाही. 'अपसेट'चा जुना अर्थ उभा करणे, वर मांडणे. उलटून पाडणे हा अर्थ नंतरचा, आणि मन उलटणं त्याच्याही नंतरचं. लिलावाला वस्तू ज्या रकमेवर 'उभी केली' ती अपसेट प्राईस, म्हणजे किमान बोलीची रक्कम. त्याखालची बोली घेतच नाहीत.

---

जुळारी:

मुद्दाअर्ज यांच्या 'सेट-ऑफ'ला छापखान्यात भलताच अर्थ आहे, म्हणून ही भर. नुकत्याच छापलेल्या ओल्या कागदांची थप्पी रचली की खालच्या कागदाची शाई वरच्याच्या पाठीला लागते. तो डाग म्हणजे सेट-ऑफ. कारणं ठरलेली: शाईचा थर जाड, थप्पी उंच, कागद शाई न पिणारा. उपाय म्हणून थप्पी पडताना कागदांवर स्टार्चची बारीक भुकटी फवारतात, तिचे कण दोन कागदांत फट ठेवतात.

'ऑफसेट' म्हणजे हे नव्हे. ती छपाईचीच पद्धत: शाई प्लेटवरून रबराच्या ब्लँकेटवर, तिथून कागदावर. एकाच परिच्छेदात दोन्ही आले तर एकाला 'पाठीवर शाई उमटणे' असं फोडून लिहा.

आणि 'टाइप सेटिंग'ला 'अक्षरजुळणी' हा अस्सल शब्द आहे. शिशाचे खिळे गेले, संगणक आला, शब्दाला काही झालं नाही. मी तर म्हणेन 'सेट'च्या मराठी अवतारांत हाच सर्वात देखणा.

---

सावलीतला:

पाटावरवंटांशी बहुतांशी सहमत, पण नामाबद्दलचा प्रश्न राहून गेला.

'टी सेट', 'टीव्ही सेट', गणितातला 'सेट' हे नाम पूर्णपणे क्रियापदापासून आलेलं नाही. 'गट' हा अर्थ लॅटिन 'सेक्टा'वरून जुन्या फ्रेंचमार्गे आला. तिथे धातू 'मागे जाणे' असा आहे, म्हणजे अनुयायांचा जथा. 'सेक्ट' म्हणजे पंथ, हा त्याचा सख्खा भाऊ. इंग्रजीत येईपर्यंत दोन्ही शब्दांचा उच्चार एक झाला, मग 'एकत्र ठेवलेल्या वस्तू' असा क्रियापदाकडचा अर्थही त्यात मिसळला. म्हणूनच नामाला लावणे-बसवणेची किल्ली लागत नाही. तिथे 'संच' घ्या, खेळात 'सेट'च ठेवा. गणिताच्या पाठ्यपुस्तकांत संच, उपसंच, रिक्त संच पक्के रुळलेत, त्यांत नवीन काही घालू नका. (३ घटकांच्या संचाचे उपसंच ८, रिक्त संच आणि तो संच स्वतः धरून. अनुवादात यातला एक गळतो असा अनुभव आहे, म्हणून लिहून ठेवलं.)

क्रियापदाबद्दल: त्याचा भारोपीय धातू संस्कृतातही आहे, तो 'सद्'. सदन, संसद, परिषद त्यातले. 'सद्'चं प्रयोजक 'सादयति' आणि इंग्रजीचा 'सेट' एकाच साच्यातून निघालेत. मात्र मराठी 'बसणे' या घरचं नाही, ते 'उपविश्'वरून, 'बैसणे' या रूपातून आलं. 'आसन'ही नाही, ते 'आस्'वरून. अर्थ सारखा म्हणून नातं जोडायचा मोह होतो, तो टाळा.

आणि महाराष्ट्र-गोव्यातली प्राध्यापकपदाची 'सेट' परीक्षा तर नुसती आद्याक्षरं आहेत.

---

कानामात्रा:

सर्वांचे आभार. आठही वाक्यं सुटली, आठवं तर मुळातच चुकीचं वाचलं होतं. 'टी' खरंच दोन होते.

आणखी तीन शंका. 'सेट ऑफ' आणि 'सेट आउट' दोन्हींना 'निघणे'च लिहू का? 'अ सेट ऑफ टूल्स'पुढे 'इज' की 'आर'? आणि लावणे इतकं जुळतंय, तर मराठीतून इंग्रजीत जाताना 'लावणे' दिसलं की 'सेट' घालावं का?

---

पाटावरवंटा:

'निघणे' दोन्हींना चालतं, पण 'सेट आउट टू' आलं की पुढे हेतू असतो: 'सिद्ध करायला निघाला', 'करायचं ठरवून हात घातला'. 'सेट ऑफ'ला हेतू नाही, पण त्याला कर्म मिळालं की अर्थ उडी मारतो. फटाका सेट ऑफ केला म्हणजे उडवला, भोंगा सेट ऑफ केला म्हणजे वाजवला गेला (बहुधा चुकून), आणि हिरव्या काठाने पिवळी साडी सेट ऑफ केली म्हणजे उठून दिसली. 'सेट'च्या पुढचा छोटा शब्द वाचल्याशिवाय 'सेट'चं मराठी लिहायचंच नाही.

'इज'. अवजारं कितीही असली तरी संच एक. माणसांच्या गटाला ब्रिटिश इंग्रजीत 'आर' सापडेल, वस्तूंना 'इज' ठेवा.

तिसऱ्याला ठाम नाही. गजर, घड्याळ, सापळा, विरजण, आग, चाल इथवरच ही वाट दोन्हीकडून चालते. दार लावलं म्हणजे 'शट'. 'सेट द डोअर' वाचून सुतार चौकटीत झडप बसवायला घेईल. दिवा लावला म्हणजे 'लिट' किंवा 'स्विच्ड ऑन'. 'सेट द लॅम्प' म्हणजे दिवा कुठेतरी ठेवला, उजेडाचं नाव नाही. गाडी लावली 'पार्क्ड', फोन लावला 'कॉल्ड', कुलूप लावलं 'लॉक्ड', मलम लावलं 'अप्लाइड', नंबर लावला म्हणजे रांगेत उभे राहिलात. कूकर लावला याला तर तिकडे धड क्रियापदच नाही: गॅसवर ठेवला, वर शिट्टी बसवली, आत डाळ-भात आहे, हे सगळं आपल्या एका 'लावला'त असतं. तिथे 'पुट द राइस ऑन' लिहा आणि डाळ पुढच्या वाक्यात घाला.